यू आणि हाड

यान उतरलं ते नेमकं माझ्या कुरडयांवर.

एवढी मोठी गच्ची. पाण्याच्या टाकीकडची अर्धी बाजू रिकामी पडली होती, तिथं उतरायला काय झालं होतं? पण नाही. तीन दिवस गहू भिजवून, वाटून, चीक काढून, पहाटे उठून घाटा घोटून घातलेल्या कुरडया, धोतरावर एकसारख्या गोल, आणि त्यांच्या बरोब्बर मधोमध हे येऊन बसलं. आवाज म्हणाल तर कुकरची शिट्टी अडकल्यासारखा. आकार म्हणाल तर पालथं घातलेलं अप्पेपात्र. एवढं मोठं की आमच्या सगळ्या औसा गावाच्या न्याहारीचे अप्पे त्यात एका वेळी झाले असते.

दुपारचे दोन वाजले होते. कार्टूनमध्ये ही यानं रात्री उतरतात, धूर सोडत, निळे दिवे लावत. ते सगळं न बघितलेल्या माणसांनी काढलेलं. कुणाला दिसू नये असं वाटणारा शहाणा प्राणी आमच्याकडं एप्रिलात दुपारी दोनला येतो. त्या वेळी औशात माणूस सोडा, कावळा जागा नसतो. आमचे हे खालच्या खोलीत बनियनवर असे घोरत होते की, यानाचा आवाज कुठला आणि घरातला कुठला, हे क्षणभर मलाच कळेना.

मी जागी होते, कारण राखणीला कुणी नव्हतं. नाहीतर माझ्या वाळवणाची राखण चिवड्या करायचा. चिवड्या म्हणजे आमचा कुत्रा. अंगावर पिवळं, तपकिरी, पांढरं, मध्येच एखादा काळा ठिपका, म्हणून चिवड्या. गच्चीच्या कठड्याला टेकून बसायचा आणि चिमणी उतरली की नुसतं बघायचा. भुंकायचा नाही. चिमणीलाच लाज वाटून ती जायची.

नऊ दिवस झाले होते चिवड्या हरवून. कसा हरवला ते आत्ता विचारू नका. सगळी गल्ली मला समजावून गेली होती. कुत्री जातात, महानंदा. कुत्र्यांचं असंच असतं. आमचे हे म्हणाले, "दुसरा आणू." जसा काही पाण्याचा माठ फुटला होता. मी मात्र रोज सकाळ-संध्याकाळ गच्चीवर उभी राहून चारी दिशांना ओरडत होते, "यू, यू, यू." घसा बसला होता. पलीकडच्या गल्लीतली दोन लंगडी कुत्री रोज येऊन जात होती. चिवड्या येत नव्हता.

तर, यानाचं झाकण उघडलं आणि आतून दोघं उतरले. माझ्या गुडघ्याएवढे. रंग नव्या चिंचेसारखा. डोळे किती ते मोजले नाहीत. परक्या माणसाचे डोळे मोजत बसणं बरं दिसत नाही. एकाच्या हातात पाटी होती, तो लिहिणारा. दुसरा बोलणारा. बोलणारा पुढं आला, दोन्ही पाय कुरडयांमध्ये रुतवून उभा राहिला आणि म्हणाला,

"शेतकरी बंधूंनो, नमस्कार."

मी मागं वळून बघितलं. कुणी बंधू नव्हता.

"मला म्हणताय?"

"होय, शेतकरी बंधूंनो. आज हवामान कोरडे राहील. आपल्या पशुधनाविषयी थोडी माहिती हवी आहे."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. हे बिचारे वरून रेडिओ ऐकून मराठी शिकले होते. आणि त्यांच्या यंत्राला लागला होता तो संध्याकाळचा शेतीचा कार्यक्रम. म्हणजे या पृथ्वीवर एकमेकांना हाक मारायची ती अशीच, अशी त्यांची समजूत.

"आधी कुरडयांवरून खाली उतरा," मी म्हटलं.

तो खाली बघायला लागला. लिहिणाऱ्यानं पायाला लागलेला ओला चीक बोटानं काढला, चाटला, आणि पाटीवर बरंच काही लिहिलं.

"शेतकरी बंधूंनो," बोलणारा म्हणाला, "या ठिकाणाहून नऊ दिवस एक ध्वनी येत आहे. यू. यू. यू. हा ध्वनी कोणता?"

"मी हाका मारतेय. माझ्या कुत्र्याला."

"त्याचे वर्णन?"

मी चिवड्याचं वर्णन केलं. पिवळं, तपकिरी, पांढरं. डावा कान अर्धा मुडपलेला. ताक प्यायल्यावर शिंकतो. दोघांनी एकमेकांकडं बघितलं, आणि बोलणाऱ्यानं यानाच्या कडेला हात लावला. तिथं खिडकी झाली.

आत चिवड्या बसला होता.

ओळखीचा कान, ओळखीची शेपूट. पण शेपूट हलत नव्हती. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि तोंड फिरवलं. कुत्र्यानं तोंड फिरवलेलं तुम्ही बघितलंय का कधी? माणसानं फिरवलेलं परवडतं. माणसाचं आपण उलट काहीतरी काढू शकतो.

"माझा कुत्रा पळवलात तुम्ही," मी म्हटलं.

"नाही, शेतकरी बंधूंनो. आम्ही पळवत नाही. आम्ही उचलतो. ज्याला कुणी बोलावत नाही, त्याला उचलावे, असा आमचा नियम आहे. हा पशू लातूर रस्त्याच्या मैलाच्या दगडापाशी एकटा बसला होता. तीन दिवस. आम्ही त्यास विचारले, तुला कुणी बोलावते का? तो म्हणाला, नाही."

खिडकीतून मला चिवड्याच्या मागचंही दिसत होतं. एक म्हातारा बैल होता. दोन कोंबड्या होत्या. आणि चटईवर मांडी घालून, चष्मा लावून पेपर वाचत बसले होते आमच्या गल्लीतले तोडकर. कचेरीत हेडक्लार्क होते, दोन वर्षांपूर्वी रिटायर झालेले.

"अहो तोडकर," मी म्हटलं, "तुम्ही मुलीकडं गेलाय ना सोलापूरला?"

"घरात तसं वाटतंय का?" त्यांनी पान उलटलं. "मुलीला वाटतंय मी घरीच आहे."

"चला खाली."

"कुणी बोलावतंय?"

तोडकरवहिनींना कालच विहिरीवर बघितलं होतं, चांगल्या हसत होत्या.

"मला तरी ऐकू आलं नाही," मी म्हटलं.

"मलाही नाही. इथं चहा वेळेवर मिळतो." आणि त्यांनी पेपर वर धरला.

मी बोलणाऱ्याला म्हटलं, "तोडकरांचं तुमचं तुम्ही बघा. माझ्या कुत्र्याला मी बोलावतेय. नऊ दिवस बोलावतेय. द्या तो परत."

"परत देता येईल. परंतु तो आपला आहे, याचा काही पुरावा?"

आता कुत्र्याचा पुरावा काय असतो? रेशन कार्डावर काही त्याचं नाव नव्हतं. पण मला आठवलं, घरचा फोटो आदल्याच दिवशी स्टुडिओतून धुऊन आला होता. मी खाली पळाले. आमचे हे कुशीवर वळून घोरत होते. कपाटातून फोटो काढला आणि वर आणून त्या बोलणाऱ्या चिंचेच्या हातात ठेवला. आधी स्वतः नीट बघितला असता, तर वर आणलाच नसता.

दोघंही डोक्याला डोकं लावून बघत बसले. फोटोत खुर्च्यांवर आमचे हे आणि थोरले दीर. मागं मी आणि पुण्याच्या जाऊबाई, प्रभावतीअक्का.

"यात पशू नाही," बोलणारा म्हणाला.

"आहे की. हे बघा कोपऱ्यात. शेपूट."

"शेपूट बाहेर जात आहे."

"हं."

"शेतकरी बंधूंनो, सर्वांची तोंडे मिटलेली आहेत. आपले उघडे आहे. या ठिकाणी आपण काय म्हणत आहात?"



मला खोटं बोलायला कधी वेळ लागत नाही. आमच्या यांना विचारा. पण त्या वेळी लागला.

काय झालं होतं सांगते. फोटोची टूम अक्कांची. पुण्याहून आल्या होत्या, रंगीत फोटो काढून तिकडं शेजारणींना दाखवायचा होता. परसात खुर्च्या मांडल्या, फोटोग्राफर आला, सगळे आपापल्या जागी आले. चिवड्याही आला आणि कडेला माझ्या शेजारी ताठ बसला, मान वर करून. घरातली सगळी माणसं ओळीनं जमली आहेत म्हणजे आपणही बसायचं, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. अक्का म्हणाल्या, "महानंदा, हेही घरातलंच का गं? याचाही साखरपुडा झाला की कळव." सगळे हसले. मी पण हसले. अक्कांसमोर मी नेहमीच हसायचे. त्या पुण्याच्या, मी औशाची. त्यांच्याकडं फ्रीज होता. हसता हसता मी खाली वाकले आणि म्हटलं, "हाड."

चार वर्षांत त्याला मी तो शब्द कधी म्हटला नव्हता. गल्लीतले म्हणायचे. आमचे हे दिवसातून चार वेळा म्हणायचे आणि हा चार वेळा शेपूट हलवून तिथंच बसायचा. पण माझं ऐकायची त्याला सवय होती. त्यानं अक्कांकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं. आणि उठला. त्याच वेळी फोटोग्राफरनं खटका दाबला.

म्हणजे तो हरवला नव्हता. सांगितलं तसं वागला होता.

"शेतकरी बंधूंनो," बोलणारा म्हणाला, "पशूने आम्हास एक शब्द सांगितला आहे. हाड. आमच्या कोशात या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, चालता हो. दोन, अस्थी. आपणास कोणता अभिप्रेत होता? पहिला असल्यास नियमाप्रमाणे पशू आमचा. दुसरा असल्यास आपला."

खिडकीतून चिवड्याचा मुडपलेला कान दिसत होता. तोंड पलीकडं होतं, पण कान इकडं होता.

"दुसरा," मी म्हटलं.

"अस्थी?"

"अस्थीच. फोटो झाला की हाड देते, असं म्हणत होते. लाडानं. तेवढ्यात हा गैरसमज करून निघून गेला. कुत्र्याचंच डोकं शेवटी."

लिहिणाऱ्यानं पाटीवर लिहिलं. बोलणाऱ्यानं मान हलवली.

"उत्तम. मग ती अस्थी दाखवावी."

"काय?"

"नऊ दिवसांपूर्वी देऊ केलेली अस्थी. घरात असेलच. आम्ही घटकाभर थांबू शकतो. नंतर आम्हास सोयाबीनच्या पेरणीविषयी ऐकायचे आहे."

आता आमचं घर लिंगायताचं. गळ्यात इष्टलिंग, दारात मठाचं कॅलेंडर. आमच्या फळीवर कांदासुद्धा एकादशीला तोंड लपवून बसायचा. सबंध गल्लीच तशी. त्या घरात हाड कुठून आणायचं? स्वतःचंच काढून द्यायचं काय?

मी चपला घातल्या आणि निघाले. जन्मात कधी गेले नव्हते त्या रस्त्याला, पण दुकान कुठं आहे ते ठाऊक होतं. न जाणाऱ्यालाच नीट ठाऊक असतं, कारण त्याला ते चुकवायचं असतं.

हुसेनचाचा मुलाणी दुकान धुऊन आवरत होता. मला बघून त्याच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"काकू, रस्ता चुकलात काय?"

"नाही. हाड द्या एक."

"मी काय केलं, काकू?"

"तसं नव्हे हो. हाड. खायचं."

चाचानं तांब्या खाली ठेवला. "कुठलं पाहिजे? नळी, चाप, खुराचं?"

"मला काय कळतंय त्यातलं. रुसलेल्याला चालेल असं द्या."

"मग नळी घ्या." त्यानं एक चांगलं वीतभर हाड पुसून कागदात बांधलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "पण काकू, एक सांगू? तुमच्या गल्लीतलं गिऱ्हाईक सगळं मागच्या दारानं येतं. पुढच्या दारानं आलेल्या तुम्ही पहिल्याच."

"गिऱ्हाईक? आमच्या गल्लीतलं?"

"आणि अण्णांचा डबा तर शुक्रवारी असतो. आज मंगळवार. की आज दोन्ही एकदमच नेताय?"

अण्णा म्हणजे आमचे हे. सबंध औसा त्यांना अण्णाच म्हणायचं. आणि दर शुक्रवारी हे मठात भजनाला जायचे. येताना इतके प्रसन्न असायचे की, मला वाटायचं, काय भक्ती आहे माणसाची.

"डबा शुक्रवारीच राहू दे," मी म्हटलं. "भजनात खंड नको."

हाड पदराखाली धरून मी घरात शिरले, तर जिन्याच्या तोंडाशी हेच उभे. झोपमोड झालेली, बनियन वर सरकलेलं. नाक हवेत.

"कुठं गेली होतीस उन्हाची? आणि पदराखाली काय आहे?"

माझ्याकडं वेळ नव्हता. मी खरं ते सांगितलं.

"हाड."

यांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"काय म्हणालीस?"

"हाड म्हटलं."

"मला? नवऱ्याला? भर दुपारी?"

"अहो, तुम्हाला नव्हे…"

"मग कुणाला? इथं दुसरं कोण उभं आहे?" हे लालबुंद झाले. मग एकदम थांबले आणि नाक फेंदारलं. "आणि हा वास कसला येतोय?"

"तुम्हाला ओळखू येतो?" मी विचारलं.

यांनी माझ्याकडं बघितलं. मी यांच्याकडं बघितलं.

"आज मंगळवार आहे," मी म्हटलं. "म्हणून विचारलं."

बाजूला झाले. इतके बाजूला झाले की, भिंत नसती तर शेजारच्या घरात गेले असते. पुढं आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. म्हणे, बायको नवऱ्याला हाड म्हणते. गल्लीत सगळ्यांना तेवढंच सांगितलं. वासाचं सांगितलं नाही.

मी वर पोचले तेव्हा यानाचं झाकण अर्धं लागलं होतं. लिहिणारा कुरडईचं अख्खं वेटोळं तोंडात कोंबत होता.

"ही बघा अस्थी," मी म्हटलं. धाप लागली होती. "द्यायची राहून गेली होती."

बोलणाऱ्यानं कागद सोडला, हाड उलटसुलट करून बघितलं. "ताजी आहे," तो म्हणाला. "नऊ दिवसांची दिसत नाही."

"आमच्याकडं हवा कोरडी असते."

हे त्याला पटलं. रेडिओवर रोज सांगत होते.

मग तो खिडकीशी गेला आणि चिवड्याला काहीतरी विचारलं. कुठल्या भाषेत ते देव जाणे. चिवड्या उठला. खिडकीला नाक लावून त्यानं हाडाचा वास घेतला. मग माझा घेतला. घामाचा, उन्हाचा, हुसेनचाचाच्या दुकानाचा. नऊ दिवसांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं नीट बघितलं. माझ्या बसलेल्या घशातून कसंबसं निघालं, "यू."

त्यानं काहीतरी उत्तर दिलं. भुंकणं नव्हतं ते, नुसतं नाकातून.

"शेतकरी बंधूंनो," बोलणारा माझ्याकडं वळला. "पशू म्हणतो, बाई खोटे बोलत आहे."

मी फोटो परत घ्यायला हात पुढं केला.

"आणि म्हणतो," तो म्हणाला, "उतरतो."

चिवड्यानं उडी मारली. धावत आला नाही, अंगावर चढला नाही, कार्टूनमधल्यासारखं काही नाही. माझ्या जवळून गेला, हाड उचललं आणि कठड्यापाशी आपल्या जागेवर जाऊन बसला. समोर कुरडयांचा चेंदामेंदा झालेला. त्याच्याकडं बघितलं, मग लिहिणाऱ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. लिहिणाऱ्यानं तोंडातलं वेटोळं हळूच धोतरावर परत ठेवलं.

झाकण लागायच्या आधी मी विचारलं, "तोडकरांचं काय?"

"त्यांना कुणी बोलावल्यास आम्हास ऐकू येईल," बोलणारा म्हणाला. "पुन्हा भेटू, याच वेळी, याच केंद्रावर."

दुसऱ्या दिवशी मी तोडकरवहिनींकडं गेले आणि म्हटलं, जरा गच्चीवर जाऊन तुमच्या यांना एक हाक मारा. त्या म्हणाल्या, "कशाला गं? ते सोलापूरला गेल्यापासून मला झोप चांगली लागते."

यावर आता तुम्ही म्हणणार, महानंदाआजी, हे सगळं तुझ्या मनचं. म्हणा. अक्कापण म्हणाल्या होत्या. पुण्याला तो फोटो त्यांनी लावलाच नाही, तुझ्या उघड्या तोंडानं सगळा बिघडला म्हणाल्या. मी लावलाय, समोरच्या भिंतीवर. येणारे-जाणारे विचारतात, आजी, यात काय म्हणताय? मी सांगते, हाड. कुठलं ते कुणी विचारत नाही. विचारणारा एकच होता.

चिवड्या त्यानंतर अकरा वर्षं जगला. आणि एकदा अर्थ सांगितला म्हणजे तो निभवावा लागतो. दर मंगळवारी मी पुढच्या दारानं जायचे, एक नळी आणायचे, परसात उभी राहून मोठ्यानं म्हणायचे, "हाड." आणि हा कुठं असेल तिथून धावत यायचा. सगळ्या औशात 'हाड' म्हटल्यावर पळत येणारा कुत्रा तेवढा एक. खाऊन झालं की परसातल्या चिंचेच्या झाडाखाली पुरायचा.

यान आलं नव्हतं म्हणता ना? बरं. मग चिंचेखाली फावडं मारा, आणि लिंगायताच्या परसात एवढी हाडं कुठून आली ते तुम्हीच मला सांगा.